बेहालाच्या बंद खोलीतली शेगडी

दादा, गेल्या हिवाळ्यात हावड्याला गाडी सुटली तेव्हा आईने खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही. तीन वर्षांपूर्वी तुम्ही सगळ्यांनी मला पुणे स्टेशनवर कोलकात्याच्या गाडीत बसवून दिलंत, तेव्हा हीच बाई गाडी हलली तरी माझं मनगट सोडत नव्हती. "पोचलीस की फोन कर! स्वेटर वरच ठेवलाय!" असं ओरडत चार पावलं धावली होती. या खेपेला मी फलाटावर ओल्या बाळंतिणीच्या अंगाने उभी, आणि ती मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसलेली.

तू दर फोनला विचारतोस, बारशानंतर दोन महिने राहणार होती ती आई आठवड्यात का परतली, आणि आता वहिनीच्या बाळंतपणाचं नाव काढलं की "मला जमणार नाही" का म्हणते. वहिनीला माहेरी आई नाही, तिचा जीव टांगणीला लागलाय. तुला आईचा राग येतो, हे मला कळतं. म्हणून लिहिते आहे.

बारशाच्या आदल्या दिवशी वादळाचा इशारा होता. डिसेंबरात वादळ म्हणजे आपल्या साताऱ्याच्या माणसांना नवलच. इथे कोलकात्यात, निदान आमच्या बेहालात, लोक मुकाट कामाला लागतात. वरच्या मजल्यावरच्या मासिमांनी सगळं समजावून सांगितलं. पाणी भरा, मेणबत्त्या काढा, मोबाइल चार्ज करा, गॅलरीतल्या कुंड्या आत घ्या, मुडी म्हणजे आपले कुरमुरे आणून ठेवा. नितीनने बँकेत जाण्याआधी खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्या. उरलेलं आईने केलं. फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली जुन्या साड्या. बाळंतिणीला वारा लागता कामा नये! इतकी चोख तयारी केली आम्ही, की श्वासालाही वाट राहिली नाही.

दुपारी लाइट गेली. नितीन तिकडेच अडकला. पाऊस आडवा येत होता आणि तळमजल्यावर गारठा असा की दात वाजावेत. आईने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून आधीच कोळसे आणून ठेवले होते. ते घमेल्यात फुलवले, घमेलं माझ्या खाटेखाली सरकवलं आणि वर ओवा-शेपांची धुरी घातली. आत्याची, मावशीची, सगळ्यांची बाळंतपणं तिने अशीच काढली होती. फक्त तिथे वर कौलं होती, धूर आपला निघून जायचा. इथे स्लॅब.

आधी डोकं ठणकायला लागलं, मग मळमळायला लागलं. आई म्हणाली, "ओली बाळंतीण आहेस, पडून राहा." बाळ दुधाला उठेना. आईने त्याच्या गालाला बोट लावलं आणि समाधानाने म्हणाली, "शेक लागला बघ. कसं गाढ झोपलंय." दादा, हे वाक्य मी नितीनलाही सांगितलेलं नाही.

मग दार वाजलं. पाणी पायरीला लागलं होतं आणि मासिमा आम्हाला वर न्यायला आल्या होत्या. "दोरजा खोलो! ओ बोउमा, शुनछो?" दार उघड, सूनबाई, ऐकतेस ना? मला ऐकू येत होतं, पण पाय उचलेना. आई उठली ती कोसळलीच. मग रांगत गेली, भिंतीला धरून कशीबशी उभी राहिली आणि कडी काढली. कोळसे आपण आत आणले, हे ती विसरत नाही. कडीही तिनेच काढली, हे कितीदा सांगितलं तरी तिला पटत नाही.

मासिमांनी माझ्या लेकीला उचललं आणि जिन्यात भर वाऱ्यात नेलं. पोर लोळागोळा झालेली. तिच्या तळपायांना टिचक्या मारत त्या म्हणत होत्या, "काँदो मा, काँदो." रड गं बाई, रड. किती वेळ गेला देव जाणे. रडली शेवटी, पण फार बारीक. रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी, फोन लागेना. दवाखान्यात पोचायला दुसरी सकाळ उजाडली. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू कोंडला, त्याला ना रंग ना वास, तुम्हाला कळणार कसं? बारसं राहूनच गेलं. तनू हे नाव पहिल्यांदा दवाखान्याच्या कागदावर लिहिलं.

आता इथे दुर्गापूजेचे मांडव उभे राहताहेत. तनू दहा महिन्यांची होईल आणि अजून बसत नाही. उशी लावून बसवली की एका अंगाला कलते. त्या दिवसामुळेच असं नक्की सांगता येत नाही, बघत राहू, असं डॉक्टर म्हणतात. मी बघत राहते, दुसरं काय करणार! कधी आईचा असा संताप येतो की हातातलं भांडं आपटते, आणि लगेच तिच्याच कुशीत शिरून रडावंसं वाटतं.

वहिनीचं बाळंतपण तिलाच करू दे. तिला पुन्हा एक बाळ हातात घेऊ दे रे. फक्त शेगडी खोलीत नको, आणि खिडकी उघडी ठेवा. हे पत्र तिला दाखवू नकोस.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी चटकन सातारा म्हणायचे. आता घर म्हणजे संध्याकाळचा तिचा फोन, बाकी सातारा काय नि बेहाला काय. ती इकडचं तिकडचं बोलत नाही, एकच विचारते, "बसायला लागली का गं?" परवा माझ्याने राहवलं नाही, मी "हो" म्हणाले. ती "बरं झालं," म्हणाली. "व्हिडिओवर दाखव बघू," असं मात्र म्हणाली नाही.