आधी चेंडूला लागलं

लाल कार्ड माझ्या खिशात होतं आणि मी ते काढलं नाही. लग्नपत्रिका कापून मी ते स्वतः बनवलं होतं, दाखवायची हौसही दांडगी होती. सिहोऱ्याला, धान कापलेल्या बांधीत सामना होता आणि मी, शाळामास्तर, रेफरी. बूटवाल्या एका खेळाडूने दोन्ही पाय उचलून एका अनवाणी गड्याच्या नडगीवर उडी घेतली. बूट आधी चेंडूला लागला, मग नडगीला. आधी चेंडूला लागलं की गुन्हा नाही, अशी माझी पक्की समजूत. हाड मोडल्याचा आवाज ऐकूनही मी ऐटीत ओरडलो, "खेळा!" अशा घावात चेंडू बघायचाच नसतो, हे नियमात नंतर वाचलं. आठवड्यावर त्या अनवाणी गड्याची पोलीस भरती होती, हेही नंतरच कळलं.

काही वर्षांनी शाळेच्या फुटबॉलचं पंक्चर काढायला लाखनीला हायवेवरच्या दुकानात गेलो. दुकानदार तोच, नडगी मोडलेला गडी. त्याने ओळखू नये म्हणून मी टोपी पुढे ओढली. खाली बसताना तो डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवायचा, एखादं अवजार ठेवावं तसा. त्याने ब्लॅडर पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले, ठिगळ लावलं आणि हवा भरून चेंडू माझ्या हातात दिला. मी तो फिरवून फिरवून पाहत राहिलो. दुसरीकडे पाहायची हिंमत नव्हती. भरतीचं विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "हवा टिकेल ना?"

तो हसला.

"तवाबी तुमी चेंडूच पायला, गुरुजी. आताबी चेंडूच पाहून राहिले."