बी विंगचे दहापैकी चार

“…अगं, त्याने त्या गेमला दहापैकी चार दिले आणि लोकांनी दिले नऊ, म्हणून हा सगळा घोळ. आता त्या मॅडम म्हणतात, महिनाअखेर बंदच करून…”

आणि लिफ्टचं दार लागलं.

सांगा बरं, अशा वेळी माणसाने करायचं काय? मी आपली दारात पायपुसणं झटकत उभी. पायपुसणं तरी किती वेळ झटकणार? लिफ्टमध्ये समोरच्या सुनंदाताई, कानाला मोबाइल, पलीकडे त्यांची बहीण. त्यांचं वाक्य त्यांच्याबरोबर तळमजल्याला गेलं आणि माझा जीव चौथ्या मजल्यावर लटकत राहिला. मग उरलेलं वाक्य माझं मीच पूर्ण केलं. तिथून जी माती खाल्ली, तिची चव अजून तोंडातून गेलेली नाही!

आधी अमेयचं सांगते. अमेय म्हणजे सुनंदाताईंचा मुलगा. वय अठ्ठावीस, चष्मा, स्वभावाने गरीब. घरी बसून गेम खेळतो आणि त्याचा पगार घेतो. हसू नका, मलाही पहिली दोन वर्षं हसू यायचं. बंगळुरूची कुठलीशी इंग्रजी वेबसाइट आहे. नवा गेम आला की हा तो आधी खेळणार, कसा आहे ते लिहिणार आणि खाली दहापैकी मार्क देणार. त्याच्या शेजारीच खेळणाऱ्या लोकांचेही मार्क दिसतात. कोणीही जाऊन द्यावेत. म्हणजे एकीकडे परीक्षकाचा आकडा, एकीकडे पब्लिकचा.

आता जोडा तुम्हीच. याचे चार, पब्लिकचे नऊ. वेबसाइटच्या मॅडम चिडल्या. महिनाअखेर बंद. काय बंद? नोकरीच ना!

तरी मी खात्री करून घेतली हं. उगाच कशाला? भरल्या वांग्यांची वाटी घेऊन समोर गेले.

“सुनंदाताई, सगळं ठीक ना?”

“हो, का हो?”

“नाही, अमेय जरा उतरलेला दिसला.”

“कामाचा ताण हो, बाकी काही नाही.”

बाकी काही नाही! झालं, माझी खात्री पटली. ज्या घरात खरंच काही नसतं, तिथली बाई “काही नाही” म्हणते का? ती “बसा ना” म्हणते!

आमच्या ह्यांना सांगितलं. हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आता रिटायर आहेत. हिशोबाशिवाय बोलत नाहीत.

“तू ऐकलंस किती? अर्धं वाक्य. बाकीचं अर्धं कुठून आणलंस?”

“अंदाज आला मला.”

“स्टोअरमध्ये अंदाजाने माल दिला असता तर मला तिसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.”

यांचं मी कधी ऐकत नाही. तेव्हाही ऐकलं नाही.

रात्रभर डोक्यात तेच. चार आणि नऊ जुळत नाहीत, म्हणून पोराची नोकरी जाणार. मग ते जुळवायला हवेत. अमेय काही त्याचे चार बदलणार नाही, तो तत्त्वाचा. मग बदलायचं कोणी? लोकांनी. आणि लोक म्हणजे कोण हो? आपणच ना!

आमचा मोबाइलवर ‘बी विंग भगिनी’ नावाचा ग्रुप आहे. सोसायटीत पाणी यायचं बंद झालं तेव्हा काढला होता. पलीकडे दिवा स्टेशनजवळ, जिथे पाण्याची कायम बोंब, तिथे राहणारी माझी धाकटी जाऊ लता, तिलाही त्यात घेतलंय, कारण पाणी या विषयात तिच्याइतका अनुभव आमच्यात कोणाला नाही. एकूण सत्तावीस जणी. पाण्यासाठी आम्ही अर्ज केला होता. मजकूर एकीने लिहिला, बाकीच्यांनी नाव आणि फ्लॅट नंबर घालून तोच उतरवला. चौथ्या दिवशी टँकर आला! तेव्हापासून आमचा अर्जावर फार विश्वास.

मग मी ग्रुपवर टाकलं. “भगिनींनो, आपल्या अमेयची नोकरी संकटात आहे. सोबत लिंक आहे. प्रत्येकीने त्या खेळाला दहापैकी चार द्यायचे. चारच, कमी नको, जास्त नको. खालचा मजकूर जसाच्या तसा टाकणे. सुनंदाताईंना कळता कामा नये, त्यांना वाईट वाटेल.” सुनंदाताई मोबाइलवरच्या गर्दीला कंटाळून या ग्रुपातून मागेच बाहेर पडल्या होत्या, ते बरंच झालं.

लिंक अमेयच्याच स्टेटसवरून घेतली, मजकूर मीच केला. दहावीपर्यंतच शिकलेय, पण अर्ज लिहावा तर मी!

“मी, सौ. शोभा, फ्लॅट नंबर ४०१, बी विंग, सदर खेळास दहापैकी चार गुण देत आहे. तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.”

पहिल्या मजल्यावरच्या मंगलताईंचा लगेच फोन. “अहो शोभाताई, खेळ आहे कसला पण?”

“मला काय माहीत? अमेयने चार दिलेत म्हणजे चारच्याच लायकीचा असणार.”

“चार म्हणजे नापासच की हो. कोणाच्या तरी मुलांनी मेहनत करून बनवला असेल. मी सहा देऊ?”

“मंगलताई, हळदीकुंकवाचं वाण नाहीये हे! चार!”

लताचं काहीच विचारणं नाही. “वहिनी, अर्ज आहे ना? मग झालं. कुठे सही करायची ते सांगा.”

दुपारी तीनपर्यंत सत्तावीसच्या सत्तावीस अर्ज दाखल! एकीने सवयीने खाली “पार्सल वेळेवर मिळाले” असंही जोडलं, पण म्हटलं चालतंय, भावना महत्त्वाची. मी चहा ठेवला. हे म्हणाले, “आज गुणगुणतेयस?” म्हटलं, समाजकार्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या घरातून मोठ्याने आवाज. मी पायपुसणं उचललं.

दार उघडंच होतं. अमेय केस ओढत उभा, सुनंदाताई पदर तोंडाशी धरून बसलेल्या.

“काकू, या. तुम्हीही बघा.” त्याने लॅपटॉप फिरवला. “हे बघा, काल एका दुपारी सत्तावीस लोकांनी बरोब्बर चार दिलेत. मजकूर एकच. मराठीत. फ्लॅट नंबरसकट! आणि सगळ्या जगाला माहितेय मी डोंबिवलीचा आहे. गेमर पोरं काय लिहितायत वाचू? ‘स्वतःचं खरं करायला याने आख्खी बिल्डिंग कामाला लावली.’ कोणीतरी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ छापलेला टी-शर्ट पण बनवलाय!”

मी लॅपटॉपकडे बघितलं. सगळ्यात वर ४०१, बी विंग.

“मॅडमना वाटतंय मी खोटी मतं टाकून घेतली. आज सहाला मीटिंग आहे. हे माझं काम ठरलं तर राजीनामा द्यावा लागेल, काकू. आणि एकदा असं नाव झालं की दुसरीकडे कोण घेणार मला?”

म्हणजे परवापर्यंत त्याच्या नोकरीला काही झालं नव्हतं का? विचारायची हिंमत होती का माझ्यात? “दूध गॅसवर आहे” म्हणून जी सुटले ती थेट घरात.

आणि घरात येऊन शहाणपणा काय केला? ग्रुपवर टाकलं, “तातडीने! सर्वांनी आपापले अर्ज मागे घ्यावेत.”

आता तुम्हीच सांगा, मागे घ्या म्हणजे पुसा ना? पण आमच्या बायका पद्धतशीर! अर्ध्या तासात तिथे नवीन सत्तावीस… नाही, सव्वीस अर्ज; घाईत माझाच राहिला. “मी, सौ. मंगल, फ्लॅट नंबर १०२, बी विंग, काल दिलेले चार गुण विनाअट मागे घेत आहे. तसदीबद्दल क्षमस्व.” आणि मागे घेताना तिथे परत मार्क दिल्याशिवाय पुढेच जाता येत नाही, म्हणून प्रत्येकीने दिले किती? दहा! नव्या अर्जाला चांगली सुरुवात म्हणून.

समोरच्या दारातून अमेयची किंकाळीच ऐकू आली.

हे पेपर खाली ठेवून म्हणाले, “पावणेसहा झाले.”

“मग?”

“मग काय? माल कोणी दिला ते स्टोअरकीपरने सांगायचं असतं. जा.”

गेले. सुनंदाताईंच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं. लिफ्ट, अर्धं वाक्य, अर्ज, सगळं. बावीस वर्षांची शेजारीण, पण अशी नजर मी त्यांची कधी पाहिली नव्हती. अमेय फक्त म्हणाला, “बसा काकू. मॅडमशी तुम्हीच बोला.”

सहा वाजता स्क्रीनवर मॅडम आल्या. चेहरा असा की मला शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या. त्यांना मराठी येत नाही, मला इंग्रजी. मग हिंदी.

“मॅडम, इसका कुछ चूक नहीं. मैंनेच सबको भरीस पाडा. मुझे लगा इसका नौकरी जा रहा है.”

“नौकरी? किसने बोला?”

“वो… लिफ्ट में से आया.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग एकदम हसायला लागल्या, पार चष्मा काढून. मला म्हणाल्या, हे सगळं तुम्ही लिहून द्याल का? म्हटलं, मॅडम, अर्ज का? लगेच! अमेयने माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. महिनाअखेर बंद होणार होते ते मार्क! दर वेळी परीक्षकाचा आकडा एक, पब्लिकचा दुसरा, आणि लोक नुसत्या आकड्यावरून भांडतात, वर काय लिहिलंय ते वाचतच नाहीत. म्हणून आता आकडा नाहीच, फक्त लिहिलेलं.

वाचतच नाहीत, म्हणाल्या. आमच्या सत्तावीस जणींत तो लेख वाचलेली कोण होती? एकही नाही. मी तर नाहीच नाही.

“आंटी, गेम खेला है आपने?”

“नहीं मॅडम.”

“तो एक बार खेलके देखिए.”

दुसऱ्या दिवशी दुपारी अमेयने मला त्याच्या खुर्चीवर बसवलं. मी विचारलं, “पण बाबा, तुझे चार आणि लोकांचे नऊ, एवढा फरक पडतो कसा?”

“काकू, मी महिन्याला चार-पाच गेम खेळतो. मला सगळं आधी कुठेतरी बघितल्यासारखं वाटतं. लोक सुट्टी काढून, वाट बघून एकच घेतात. त्यांना मजा येते.”

“म्हणजे लग्नाच्या हॉलमधला आचारी. रोज श्रीखंड बघून त्याला वासही नको, आणि पाहुणे तिसरी वाटी मागतायत.”

“अगदी तसंच! पण आचाऱ्याला ते आंबट झालंय हेही आधी कळतं.”

बरोबर होतं त्याचं. म्हटलं चला, बघू आंबट आहे का गोड.

तर खेळ असा. एका छोट्या गावात आपण नवीन राहायला आलोय. गावातला एक माणूस गायब आहे. आपण घराघरात जायचं, गप्पा मारायच्या, खिडकीखाली उभं राहून ऐकायचं, कोणाच्या दोरीवर कोणाचे कपडे वाळतायत ते बघायचं. बस, एवढंच!

“पहिल्या तासातच कंटाळा येतो,” अमेय म्हणाला. “तेच तेच.”

“कंटाळा? ही पोस्टातली बाई एकटी राहते ना? मग ओट्यावर दोन कप कसे?”

अमेय खुर्ची ओढून जवळ आला. “कुठे?”

“हे काय. आणि दारात पुरुषाच्या चपला. तू काय बघत होतास रे आठवडाभर?”

“काकू… हे मला दिसलंच नव्हतं.”

साडेतीन तास बसले होते मी! सुनंदाताईंनी चहा आणून दिला, कालपासून पहिल्यांदा “साखर बघा” एवढं बोलल्या, आणि मग त्याही शेजारी बसून “तो दाढीवाला मला पटत नाही” म्हणायला लागल्या. तेव्हा कुठे माझ्या घशाखाली चहा उतरला. गायब माणूस आम्ही दोघींनी शोधून काढला. पोस्टातल्या बाईच्या माळ्यावर लपून बसला होता मेला!

“नऊ!” मी जाहीर केलं. “नऊच्या खाली एक मार्क नाही.”

“काकू, तुम्ही ‘चार’चा अर्ज केलेला.”

“मग आता मीही तो मागे घेते!”

महिना संपला आणि मार्क खरंच गेले. म्हणजे मी ऐकलेलं अगदीच खोटं नव्हतं हं. बंद झालंच, आणि महिनाअखेरच झालं. फक्त नोकरी नाही, आकडा. त्याच्या जागी आता प्रत्येक लेखाखाली एक ओळ येते, हा खेळ कोणासाठी आहे याची. जुन्या लेखांनाही नव्याने लिहिली. आमच्या त्या खेळाखालची ओळ अमेयने मला मराठीत करून पाठवली. “शेजारच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय ज्यांना घास गोड लागत नाही, त्यांच्यासाठी.”

मला फार आवडली. असतात हो अशी माणसं! मी ती तशीच ‘बी विंग भगिनी’वर टाकली आणि खाली लिहिलं, “पोराने किती नेमकं लिहिलंय बघा. कोण आठवलं?”

दहा मिनिटांत सव्वीसच्या सव्वीस उत्तरं. प्रत्येकीचं एकच, फ्लॅट नंबर ४०१. लतानेसुद्धा दिव्याहून तेच पाठवलं.

आणि या वेळी, देवाशपथ सांगते, काय लिहायचं ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं.