ध्यानात ठेवणाऱ्या मावशी

सोमवार, नुकत्याच वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्यातला पहिलाच दुष्काळी उन्हाळा. हजर: मी (वृद्धाश्रमाची व्यवस्थापक), मलमपट्टी करणाऱ्या मावशी आणि तीन नंबर खोलीतले अप्पा.

मावशी देगलूरकडच्या. आमच्या वृद्धाश्रमात त्या कसलीच नोंद ठेवत नाहीत. विचारलं की "ध्यानात हाय की" म्हणतात, आणि मी चिडते. अप्पांच्या खुब्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. माझ्या तक्त्यात ताप नव्हता, पट्टीही कोरडी होती.

"ताई, अप्पाला दवाखान्यात न्या. आज गळ्यातल्या लिंगाची पूजा न करताच चहा पिलेत, एरवी पूजेआधी पाणीबी घेत न्हाईत."

"विसरले असतील."

"पूजेच्या तांब्याभर पाण्यासाठी रोज माझ्याशी भांडतेत. आज मला पाहुणी समजून 'बसा' म्हणले."

मी गोंधळले. तापाशिवाय नेलं तर डॉक्टर हसतील असं वाटलं, तरी नेलं. टाके वरून बरे दिसत होते. आत खोलवर पू होता. "म्हातारपणी कधी ताप न येता आधी भ्रमच होतो. उद्या आणलं असतं तर उशीर झाला असता," डॉक्टर म्हणाले.

अप्पा अजून दवाखान्यातच आहेत. मी तक्त्यात नवा रकाना आखला आणि मावशींना विचारलं, "यात काय लिहायचं?"

"माणूस रोजच्यावानी हाय का न्हाई, तेवढंच."

बाकीच्या एकवीस जणांचं रोजचं वागणं कसं असतं, हे मला माहीत नाही. रकाना अजून कोराच आहे.