हापूसवरचा आळ

विज्ञान नेहमी निरपराध्याच्या बाजूने उभं राहतं, ही माझी श्रद्धा. उलव्याला फ्लॅट घेतल्यापासून सोसायटीच्या प्रत्येक सभेत मी ती मांडत आलो आहे. (मागच्या वेळी विषय पाण्याच्या टाकीचा होता.)

यंदा आरोपी होता हापूस, आमचा केशरी बोका. चेअरमन पाटलांच्या काळ्याभोर पर्शियन मांजरीला तीन पिल्लं झाली आणि पाटलांनी चौकशी न करता नोटीस बोर्डावर आमच्या फ्लॅटचा नंबर लावला.

"तुमच्याच बोक्याचं काम हाय," ते भर सभेत म्हणाले. "आमची रानी गॅलरीच्या भायेर पाय नाय टाकीत."

"मग बोका गॅलरीत कसा आला, ते तिलाच विचारा," मी म्हणालो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अख्ख्या सेक्टरमध्ये या रंगाचा दुसरा बोका नाही, असं मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला दोन वर्षं ऐकवत होतो. आणि त्याच्यावर हा आळ! मी तिथल्या तिथे ठराव मांडला: ज्याचा बोका बाप ठरेल, त्याने तिन्ही पिल्लं पाळावीत. बायकोने अनुमोदन दिलं. मग मी पाटलांनी पुरावा म्हणून आणलेल्या टोपलीतली दोन पिल्लं उचलून सभेला दाखवली.

"दोन्ही बोके, दोन्ही कोळशासारखे काळे. यांच्यात केशराची एक काडी दाखवा."

पाटील चष्मा पुसू लागले. तेवढ्यात आमची बारावी सायन्सची सई मागून बोलली.

"बाबा, बोक्याचा केशरी रंग मुलग्यांना मिळतच नाही. ते तो रंग आईकडून घेतात. बापाचा केशरी फक्त मुलींकडे जातो. आई काळी असेल तर मुली काळ्या-केशरी होतात."

"शाब्बास," मी म्हणालो. "म्हणजे या दोघांवरून काहीच सिद्ध होत नाही."

"अहो, तिसरं बघा की," बायको म्हणाली.

पाटीलवहिनींनी ते टॉवेलखालून काढलं. काळ्या अंगावर केशरी चट्टे. वहिनींनी उलटं करून पाहिलं.

"पोरगी हाय."

"बाहेरचा कुठला तरी केशरी बोका असेल," मी म्हणालो.

"सेक्टरमध्ये दुसरा नाहीच ना?" लिफ्टमध्ये भेटणारे तिघे एकदम म्हणाले.

इतिवृत्तात नोंद आहे: ठराव एकमताने मंजूर. सूचक मी, अनुमोदक माझी पत्नी. तिन्ही पिल्लं सध्या आमच्या सोफ्यावर असतात. हापूस पाटलांच्या गॅलरीत असतो.