पेरूझ केलेली पत्रिका

आमच्या माहेरी लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासायचं काम माझ्याकडे असतं, कारण मी अमरावतीत इंग्रजीच्या शिकवण्या घेते. (पत्रिका मराठीत असते, हा मुद्दा आजवर कोणी काढला नव्हता.)

यंदा अकोल्याच्या धाकट्या भावाच्या, विलासच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. तिनं प्रूफ मोबाइलवर पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘आत्या, पेरूझ करून लगेच ओके दे. छपाईवाला थांबलाय.’

छपाईवाला थांबला असेल, मी थांबते होय! थेट व्हिडिओ कॉल लावला.

“पल्लवी, पेरूझ म्हणजे काय गं?”

“वरवर नजर टाकणं ना, आत्या?”

“चूक! सारे तसंच समजून राहिले! इंग्रजीत पेरूझ म्हणजे बारकाईनं, शेवटपर्यंत वाचणं. मुळात तर वापरून वापरून संपवणं. साबण झिजवतो ना, तसा मजकूर डोळ्यांनी झिजवायचा!”

मागून विलास डोकावला. “ताई, पत्रिका पाहिली काय?”

“थांब ना बाप्पा! आधी शब्द तर समजून घे!”

मग, वरवर चाळण्याला खरा शब्द ब्राउज, म्हणून मी ब्राउजवर गेले. तो म्हणे मुळात गुरांनी कोवळा पाला खुडण्याचा शब्द. तोवर तिकडे वहिनीचं दूध उतू गेलं, पल्लवीच्या मोबाइलची बॅटरी संपत आली. शेवटी वरचा गणपती सरळ आहे एवढं पाहून मी गरजले, “पेरूझ झालं! ओके!”

पत्रिका छापून झाल्या. पहिली घेऊन, कुंकू-अक्षता लावून, विलास आमच्याकडे आला. आता, वऱ्हाडात जवाई पत्रिका वरून वाचत नाही. आधी जवायांच्या रांगेत स्वतःचं नाव शोधतो, मग नवरी कोण ते पाहतो. आमच्या ह्यांनीही तेच केलं. आणि चहाचा कप खाली ठेवला.

“विलास, मी तुमचा कोण लागतो?”

“असं काय म्हनता भाऊजी! थोरले जवाई तुमी!”

“अकोटचे जवाई हायेत, वरूडचे हायेत. नांदगावच्याचा तर आत्ताच साखरपुडा झाला, तो बी हाय! मंग अमरावतीचा कुठं गेला?”

विलासचा चेहरा पांढराफटक. “पण... ताईनं ओके देल्लं होतं!”

दोघं माझ्याकडे वळले.

“तू वाचली होती?” ह्यांनी विचारलं.

“मी... वाचणं म्हणजे काय, ते सांगून राहिली होती.”

“मंग लग्नाले बी तूच जाय. मी येत नाही!”

विलासच्या डोळ्यांत पाणीच आलं. थोरला जवाई रुसला, तर मांडवात नवरा-नवरीकडे कोण पाहणार? सारे ‘जवाई काहून नाही आले?’ हेच विचारणार! मी गयावया केली, रडून पाहिलं, पुरणपोळीचं आमिष दाखवलं. हे ढिम्म! अखेर विलास म्हणाला, “भाऊजी, गेटवर फ्लेक्स लावतो. त्यावर स्वागताले नाव तुमचं एकट्याचंच. फोटोसकट!”

ह्यांनी चहाचा कप पुन्हा उचलला.

“गॉगलवाला फोटो घेजो.”

संध्याकाळी फ्लेक्सचं प्रूफ ह्यांच्याच मोबाइलवर आलं. चष्मा लावून, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत हे वाचू लागले. मी हळूच मागून मान लांबवली, तर ह्यांनी पडद्यावर आडवा तळहात ठेवला.

“तू सरक तिकडं! तुले दाखवलं, का तू अर्थ सांगशीन!”