दोन मुलींचे अर्ज

खामगावच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात ती शिकायला होती. नवजात बाळाला उचलण्याआधी धुतलेले हात ती बराच वेळ एकमेकांवर घासत राहायची. "थंडा हात लागला तं बाळ दचकते, मॅडम," असं ती मलाच, तिच्या शिक्षिकेला, समजावून सांगायची. वाक्य संपलं की एकदा मान हलवायची.

शेवटच्या वर्षी तिनं नवजात विभागातल्या नर्सेसच्या संघटनेचा अर्ज आणला. विद्यार्थी सभासद व्हायला फक्त माझी सही हवी होती. पुढच्याच महिन्यात संघटनेची पुण्याला परिषद होती, तिथं सभासदांनाच जाता यायचं.

मी म्हटलं, "आधी बोलणं सुधार. तिथं असं बोललीस तर लोक हसतील."

"हाव मॅडम," एवढंच ती म्हणाली. अर्जाच्या चार घड्या करून तिनं तो एप्रनच्या खिशात ठेवला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मला ते बरंच वाटलं.

आता ती मेहकरला नोकरी करते. तिच्या वॉर्डात आमच्या कॉलेजच्या दोन मुली शिकायला जातात. परवा ती त्यांचे त्याच संघटनेचे अर्ज घेऊन आली. सगळं भरलेलं होतं, फक्त सहीची जागा रिकामी होती. पेनाचं टोपण काढून तिनं पेन माझ्या हातात दिलं.

"लोक हसले तं हसू द्या, मॅडम. पोरीयले जाऊ द्या."

मी सह्या केल्या. तुझ्या अर्जाचं काय झालं, हे विचारायला जीभ रेटली नाही. तिनं ते कागद घडी न करता, दोन्ही हातांत आडवे धरून नेले.