एका मताची मालकीण

मतदान गुप्त असतं, हे मी खरं मानलं. मूर्खपणा पुष्कळ केला, पण याला तोड नाही.

दोन विधानसभा निवडणुकांमागची गोष्ट. तेव्हा मी साठीची अल्लड पोर होते. पळसदरीच्या बाजूला, डोंगराला टेकलेलं आमचं गाव. राज्यात एकाच पक्षाचा बोलबाला, आणि आमची गावकी तर देवळात बसून त्याच पक्षाच्या नावानं नारळ फोडायची. नारळ फुटला की अख्ख्या गावाचं मत ठरलं. फिरेल तो वाळीत. त्याच्याकडे ना कुणी भातलावणीला येणार, ना लग्नाला, ना मयताला.

मी फिरले. धरण डोळ्यांसमोर, तरी डोक्यावरचा हंडा काही उतरत नव्हता, म्हणून फिरले. मशीनसमोर अशी उभी राहिले, जणू सुरुंगच लावतेय. बटण दाबलं, शिट्टी वाजली. काचेत चिठ्ठी दिसते म्हणे. बघायला धीर कुणाला! मान मात्र ताठ करून बाहेर आले.

निकालाच्या दिवशी मोजणीला बसलेला गावचा माणूस सांगत आला, "आपल्या मशीनला सगळी मतं आपलीच. फकस्त एक तिकडं गेलंय."

झालं माझं गुप्त!

गावकी बसली. संशय थेट माझ्या शेजारणीवर. विधवा बाई, खोपोलीला कारखान्यात कामाला, कुणाला न जुमानणारी. ती ड्यूटीवर, लेकीचं लग्न तोंडावर, आणि इकडे तिला वाळीत टाकायचं ठरत होतं.

बायकांनी गावकीत जायचं नसतं. मी गेले.

"भावजी, ते मत माझं हाय."

म्होरके माझे चुलतदीर. म्हणाले, "वैनी, डोकं फिरलं का? देवाम्होरं नारळ ठेवा, माफी मागा. मिटवून टाकू."

"नारळ तुमी फोडलात, तुमीच ठेवा. पुढच्या येळंलाबी मी असंच करनार."

टाकलं वाळीत. त्या वर्षी होळीला मी मुद्दाम दुप्पट पोळ्या केल्या आणि दार सताड उघडं ठेवलं. वास तरी घराघरात जाऊ दे!

पण वाळीत पडल्यावर पहिल्याच सकाळी ओटा चढून एक जण आली होती. शेजारीण. ड्यूटीवरून थेट, हातात डबा तसाच. हसून हसून बिचारी खांबाला टेकली आणि म्हणाली, "ए बाय, पोरीचं लगीन हुं दे, मग मीच जाते देवळात सांगायला. पन आदी मला सांग, ते एक मत तर माझं हाय. मग तुजं कुटं पडलं गं?"